खोटा मोर

इंजिन गार असताना काहीच ऐकू येत नाही. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालली, सिग्नलला थांबली, की उजव्या चाकाच्या अंगाने खडखड सुरू होते. पत्र्याच्या डब्यात चार खडे घालून हलवावा तशी. ॲक्सिलरेटरवर पाय पडला की ती विरते, निदान विरल्यासारखी वाटते. मालक म्हणतो, "सुपरचार्जर गेला." शेजारी म्हणतो, "टायमिंग चेन." बॉनेट दोघांपैकी एकानेही उघडलेलं नसतं.

गाडी मिनी कूपर एस, २००२ ते २००६ या काळातल्या पिढीची. बांधणी ऑक्सफर्डच्या काउली भागातली, १.६ लिटरचं इंजिन ब्राझीलमधल्या कांपो लार्गोचं, आणि त्याच्या कडेला ईटन कंपनीचा एम४५ सुपरचार्जर. एका पेटीत तीन-तीन पाकळ्यांचे दोन पिळदार रोटर एकमेकांना न शिवता फिरतात आणि दर फेऱ्याला ४५ घनइंच, म्हणजे पाऊण लिटरहून किंचित कमी हवा इंजिनात लोटतात. टर्बोला एक्झॉस्टचा वायू फिरवतो. याला मात्र क्रँकवरून येणारा पट्टाच फिरवतो. म्हणून तो क्रँकच्या जवळपास दुप्पट वेगाने पळतो आणि पळताना शीळ घालतो. त्या शिळेवर जीव टाकणारे लोक आहेत. २००७ च्या मॉडेलात टर्बो आला, तेव्हा त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं.

याच काउलीत एकेकाळी मॉरिस ऑक्सफर्ड बनत असे. तिचंच एक मॉडेल पुढे आपल्याकडे ॲम्बॅसडर म्हणून रस्त्यावर आलं. ते असो. कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर ऑल सोल्स कॉलेज आहे. तिथल्या स्पाल्डिंग अध्यासनावर पहिले बसले ते राधाकृष्णन. १९७६ ते १९९१ या काळात तिथे बिमल कृष्ण मतिलाल होते. १९८६ च्या 'परसेप्शन' या ग्रंथात त्यांनी संशयवाद्यांसमोर नैयायिकांची बाजू मांडली. कारखाना आणि अध्यासन एकाच गावात आलं हा योगायोग. पण मेकॅनिकपुढचा आणि मतिलालांपुढचा प्रश्न फारसा वेगळा नाही. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे आग आहे, हे आपल्याला 'माहीत' असतं, की आपण फक्त तसं धरून चालतो?

मराठीने या बाबतीत जरा गडबड केली आहे. आपण अनुमान म्हणतो आणि अंदाज समजतो. 'अनुमानधपक्याने' सांगणं म्हणजे तर शुद्ध ठोकून देणं. न्यायशास्त्रात मात्र अनुमान हे प्रमाण आहे, प्रत्यक्षाच्या पंक्तीला बसणारं. भीमाचार्य झळकीकरांचा 'न्यायकोश' उघडला, तर या एका शब्दाच्या पोटात किती भेद सांभाळले आहेत ते दिसतं. या प्रतिष्ठेवर हल्ले झाले नाहीत असं नाही. चार्वाक म्हणाले, धूर आणि आग यांची सगळीकडची, सगळ्या काळातली जोडी कुणी पाहिली आहे?

त्याहून मजेदार हल्ला खुद्द न्यायसूत्रांनीच दुसऱ्या अध्यायात नोंदवून ठेवला आहे. नदीला पूर आला म्हणून वर पाऊस झाला असं म्हणता? कुणी खाली बांध घातला असेल. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणून पाऊस येणार? कुणी त्यांचं वारूळ मोडलं असेल. केका ऐकली म्हणून मोर आहे? एखादा माणूस मोराचा आवाज काढत असेल. सूत्रकारांचं उत्तर असं की हे अनुमान नव्हेच. वात्स्यायन या सूत्रांवरच्या भाष्यात ते फोडून सांगतात: पावसाच्या पुराला ओढ असते, त्यावर फेस असतो, पानं, फळं, काटक्या वाहत येतात. नुसत्या तुंबलेल्या पाण्याला ही लक्षणं नसतात. म्हणजे चूक अनुमानाची नाही. अर्धंच चिन्ह पाहून निकाल देणाऱ्याची आहे.

मिनीच्या बॉनेटखाली खोटे मोर भरपूर आहेत. या गाडीचा पॉवर स्टीअरिंगचा पंप पट्ट्यावर चालत नाही, विजेवर चालतो. म्हातारा झाला की तो असा काही रडतो की सुपरचार्जरचं बेअरिंग गेलं असं वाटावं. पण इंजिनचा वेग वाढवला तरी त्याचा सूर चढत नाही. हा झाला फेस. आणि काटक्या? मंद चालणाऱ्या इंजिनचा क्रँक मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे घेतो, कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे, सुपरचार्जर दुप्पट. म्हणून व्हॉल्व्हची टकटक संथ पडते, सेकंदाला सहा-सात वेळा, कनेक्टिंग रॉडची ठोक त्याच्या दुप्पट. सरावलेला कान हे मोजत बसत नाही, पण गल्लतही करत नाही. ईटनच्याच एम९० या थोरल्या भावाची गोष्ट वेगळी. जुन्या पॉन्टिॲक आणि ब्यूइकमध्ये त्याच्या नाकातला प्लास्टिकचा कपलर झिजला की मंद इंजिनवर गोट्या खुळखुळतात आणि वेग वाढताच गप्प होतात. रॉडचं उलट: भार पडला की तो जास्त ठोकतो. ऐकणाऱ्याने कुठला आवाज एवढ्यावर न थांबता केव्हा आणि कशाबरोबर तेही ऐकावं लागतं.

जागा ओळखणं मात्र कानाला फारसं जमत नाही. नैयायिकांच्या मते, उगमाशी झालेला ध्वनी आपल्याला ऐकूच येत नाही. एका लाटेतून दुसरी उठावी तसा ध्वनीतून ध्वनी उपजत येतो आणि कानाशी पोचतो तो शेवटचा. ध्वनी आकाशाचा गुण हे त्यांचं म्हणणं आज कुणी मानणार नाही, पण मेकॅनिक या लाटेला भलताच मान देतो. पुलीशी झालेली खडखड लोखंडातून धावत जाते आणि मालकाला डॅशबोर्डच्या आतून येते. म्हणून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक एकेका भागाला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. फिरत्या पट्ट्यापासून बाही आणि केस सांभाळून.

मग खरी कसोटी. टेन्शनर लांब तरफेने दाबून धरायचा, भोकात पिन घालायची, पट्टा उतरवायचा आणि इंजिन सुरू करायचं. बॅटरीचा लाल दिवा लागतो, कारण अल्टरनेटर थांबलेला असतो. एसीचा कॉम्प्रेसर, सुपरचार्जर, आयडलर, सगळे गप्प. अर्धा मिनिट, त्याहून जास्त नाही: या गाडीत पाण्याचा पंपही सुपरचार्जरच्या मागच्या टोकाला, त्याच्या गिअरवर फिरतो, म्हणजे आता पाणीही थांबलेलं आहे. खडखड गेली, तर दोषी पट्ट्यावरच्या मंडळींत. राहिली, तर इंजिनात. वात्स्यायनांनी 'शेषवत्' अनुमानाचा एक अर्थ हाच दिला आहे: एकेक शक्यता गाळत जा, उरेल ते घ्या.

फक्त इथेच अनेकजण फसतात. पट्टा काढला तरी क्रँकची पुली फिरतच असते. ती एकसंध नाही. आतला गाभा आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये रबर आहे आणि वीस वर्षांत ते सुटतं. मग कडं लडबडतं आणि पट्ट्याशिवायही खडखडतं. 'पट्टा काढूनही आवाज आहे, म्हणजे इंजिन उघडा' असं म्हणणाऱ्याचा हेतू शास्त्राच्या भाषेत सव्यभिचार झाला: खऱ्या ठिकाणीही सापडतो, खोट्याही. अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'त उपाधीचं जे उदाहरण आहे, तेच हे दुखणं. आग आहे म्हणून धूर आहे, असं म्हणता येत नाही; धुराला ओलं सरपण लागतं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर कुठे असतो? या ग्रंथाची आठल्ये-बोडस यांची आवृत्ती १८९७ मध्ये मुंबईत निघाली. ती चाळताना वर्कशॉप आठवावं असं वाटलं, तर त्यात ग्रंथाचा अपमान नाही.

कुणाचं ऐकायचं, हा उरलेला वाद. शब्दप्रमाणासाठी आप्त हवा आणि आप्त म्हणजे ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. वात्स्यायन पुढे लिहितात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू. दीड हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात हे वाचताना माणूस थबकतो. काउलीतला फिटर त्यात सहज बसतो. बॉनेट न उघडणारा शेजारी, कितीही जवळचा असला तरी, बसत नाही.

भाष्याच्या आरंभीच अशी एक वाट सांगितली आहे: तिथे आग आहे असं आप्ताकडून कळतं, मग जवळ जाताना धूर दिसतो, शेवटी डोळ्यांनी आग दिसते आणि जाणण्याची इच्छा तिथे निवते. गाडी जॅकवर चढते, उजवं चाक आणि आतलं अस्तर निघतं. फिटर पुलीच्या गाभ्यावर आणि कड्यावर खडूची एक सरळ रेघ ओढतो, इंजिन थोडा वेळ चालवतो, बंद करतो. रेघ तुटलेली असते. कडं बोटभर पुढे सरकलेलं.

नवी पुली बसते, पट्टा चढतो. सुपरचार्जरच्या मागच्या गिअरचं तेल एव्हाना आटत आलेलं असणार, तेही बदलून घ्या, असं फिटर जाता जाता सांगतो. त्या गिअरचे दाते गेले तर पाण्याचा पंप थांबेल. गाडी नुकतीच घेतलेला मालक चक्कर मारून येतो. चेहऱ्यावर पुन्हा आठ्या.

"खडखड गेली. पण वेग घेताना आता एक शीळ येतेय."

"ती आधीपासूनच होती," फिटर हात पुसत म्हणतो.