धवळे कोणी गायचे?

कौंडण्यपूरला घाटावर उभं राहिलं की सूर्य वर्धा नदीच्या पलीकडून, वर्धा जिल्ह्यातून वर येतो. अलीकडचा काठ अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्याचा, आणि लोकांच्या लेखी विदर्भराजा भीष्मकाचा. रुक्मिणीचं हे माहेर. दर आषाढीला इथून तिची पालखी पायी पंढरपूरला निघते. लांब दिलेल्या लेकीबद्दल बोलावं तसं गाव तिच्याबद्दल बोलतं.

देवांच्या अशा घरगोष्टी सर्वांत आधी नीट लावून सांगणाऱ्यांत ग्रीक कवी हेसिअड येतो. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमाराचा, बिओशिया प्रांतातल्या आस्क्रा गावचा. हेलिकॉन डोंगराशी मेंढरं चारताना काव्यदेवता भेटल्या आणि त्यांनी आपल्याला गाणं दिलं, असं तो स्वतःच सांगतो. त्या देवता त्याला हेही बजावतात की खऱ्यासारखं खोटं आम्हाला बोलता येतं! रुक्मिणीचं हरण आमच्याच देवळातून झालं, असं कौंडण्यपूरची अंबिका आणि अमरावतीची अंबादेवी, दोन्हीकडे ठामपणे सांगतात. तेव्हा मला काव्यदेवतांचं हे बजावणं फार शहाणपणाचं वाटतं. हेसिअडच्या ‘थिओगनी’त देवांची अख्खी वंशावळ आहे. बापाला हटवून क्रोनस गादीवर बसतो, क्रोनसला हटवून झ्यूस. आणि पहिली बाई जन्मते ती पुरुषांना शिक्षा म्हणून, प्रॉमिथ्यूसने अग्नी चोरल्याबद्दल.

आपल्याकडची बाई वेगळी. भाऊ रुक्मी शिशुपालाशी लग्न ठरवतो, रुक्मिणी ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला कृष्णाकडे निरोप धाडते. मराठीत ही गोष्ट लग्नाच्या गाण्यांत प्रथम आणली ती महदाइसेने, म्हणजे महदंबेने. मराठीची आद्य कवयित्री ती हीच. तेराव्या शतकातली, महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींची शिष्या. स्वामींनंतर ती रिद्धपूरला त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सेवेत राहिली. रिद्धपूरही अमरावती जिल्ह्यातलंच, मोर्शी तालुक्यातलं. गोविंदप्रभूंना एकदा स्वतःच्या लग्नाचा खेळ मांडायची लहर आली. मग धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, हवेत, तर महदाइसेला गायला सांगितलं. तिने कृष्ण-रुक्मिणीचं लग्न गाइलं. ‘धवळ्यां’चा पूर्वार्ध असा झाला, उत्तरार्ध तिने पुढे इतरांच्या आग्रहावरून रचला.

ती बालविधवा होती. हेसिअडला गाणं देणाऱ्या देवतांनी एका मेंढपाळाला निवडलं, यात ग्रीकांना फारसं वावगं वाटलं नसावं. इथे मात्र मंगलकार्यात जिने समोर यायचं नाही, तिलाच मंगलगाणं मागितलं गेलं, आणि मागणाऱ्याला तिचं वैधव्य आडवं आलं नाही. गोविंदप्रभूंच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी सांगताना आपण ही त्यांतलीच एक म्हणून हसून सोडून देतो.

सातशेहून अधिक वर्षं झाली. वऱ्हाडातल्या कितीतरी मांडवांत पोरीला हळद लावायची वेळ आली की विधवा आई अजून आपणहून मागे सरकते, आणि तिला कोणी हाताला धरून पुढे आणत नाही.