चाकू द्यावा का?

पुण्याच्या भाच्याला माझा वाकड्या पात्याचा ओपिनेल चाकू हवाय. मला मात्र आचार्य समंतभद्रांचा रत्नकरंडक श्रावकाचार हा जैन ग्रंथ आठवला. हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं, हिंसादान, त्यांनी अनर्थदंडात, म्हणजे विनाकारण केलेल्या पापात धरलंय. त्या यादीत तलवारीशेजारी कुदळही आहे, आणि आम्ही तासगावकडचे जैन तर शेतकरीच!

चाकू फ्रान्सच्या साव्हुआतला; त्याची ही घडीची रचना १८९० पासूनची. द्राक्षाची छाटणी आम्ही कात्रीनेच करतो, पण खुंटावरचे कोवळे फुटवे काढायला याच्यासारखं हत्यार नाही. आत वळलेली धार फुटव्याला कवेत घेते, ओढली की निसटत नाही. १९५५ पासून मुठीशी फिरती कडी आली. ती फिरवली की उघडं पातं बोटांवर मिटत नाही. दर्दी माणूस आधी तीच चाचपतो. धार लावणं मात्र कटकटीचं. आतल्या वळणाला सपाट दगड पोचत नाही, गोल दांडी लागते. पावसाळ्यात लाकडी मूठ फुगते, पातं नखाने हलत नाही.

शेतीतली उद्योगी, म्हणजे कामाधंद्यात घडणारी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली टाळायलाच हवी, हे मला मनापासून पटतं. म्हणूनच कुदळ पोराच्या हाती देताना मी अडखळत नाही. पण भाच्याला चाकू नुसता खिशात हवाय. हत्यार साधं असलं तरी काम नसताना ते देणं मला दोषाचं वाटतं. धारेपेक्षा हे रिकामपण जास्त खुपतं.

त्याला म्हटलं, एप्रिलच्या छाटणीनंतर फुटवे काढायला ये. मग देईन.