कोपाचा अधिकार

आपल्याकडे मुलाचे नाव अभिमन्यू ठेवताना त्या नावाच्या पोटात राग दडलेला आहे, हे क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. मन्यू म्हणजे आवेश, कोप. आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील 83 व 84 ही दोन सूक्ते या मन्यूलाच देवता मानून रचलेली आहेत. ज्या वृत्तीला पुढे षड्रिपूंत दाखल करून तिच्यावर कायमचा पहारा बसविण्यात आला, तिचीच एके काळी रणात पाठीराखी म्हणून आळवणी होत होती.

या देवाचा रिपू झाला तो राज्य, सभा आणि न्याय या संस्था स्थिरावत गेल्या तसतसा, असे मला वाटते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयचिंतनापासून सर्वनाशापर्यंत जी साखळी सांगितली आहे, तीत क्रोध कामापासून उपजतो आणि त्यातून संमोह, स्मृतिभ्रंश व बुद्धिनाश ओढवतो. आणि गंमत अशी, की हा उपदेश ऐकणारा योद्धा अभिमन्यूचाच बाप आहे! परंतु क्रोध वाईट ठरला म्हणून तो सर्वांनाच वर्ज्य झाला, असे मात्र नाही. प्रश्न हळूहळू अधिकाराचा झाला.

वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला विचारते, की इतकी विटंबना होऊनही तुम्हांला राग कसा येत नाही. आणि सदैव क्षमाही बरी नव्हे व सदैव उग्रताही बरी नव्हे, हा प्रल्हादाने बळीला केलेला बोध ती त्याच्यापुढे मांडते. युधिष्ठिराचे उत्तर उदात्त आहे, यात संशय नाही. पण ज्याने तिला द्यूतात पणाला लावले, त्यानेच तिला क्षमेचे माहात्म्य ऐकवावे, हे वाचताना मन अस्वस्थ झाल्यावाचून राहत नाही.

शकुंतलेच्या कथेत तर हा फेरफार उघडच दिसतो. महाभारतातील मूळ आख्यानात दुर्वासाचा शाप नाही. तेथे दुष्यंत सर्व काही स्मरत असूनही भरसभेत तिला नाकारतो, आणि ती त्याला सत्य, पुत्र आणि भार्या यांवरून असे काही सुनावते, की त्या सभेत खरी राजसत्ता कोणाकडे आहे, असा प्रश्न पडावा. कालिदासाने शाप आणला आणि राजाचा अपराध ऋषीच्या माथी गेला. त्याचीही शकुंतला संतापते, परंतु ज्याच्यावर ती संतापते तो मुळी दोषीच उरत नाही, म्हणून तिचा संताप निराधार लोंबकळत राहतो. उलट पाहुण्याकडे क्षणभर दुर्लक्ष झाले एवढ्यावरून एका तापसाने कोणाचा संसार उधळावा, याबद्दल त्याला जाब विचारणारा कोणी नाही. नाटक म्हणून ही योजना अप्रतिम आहे. न्याय म्हणून मला ती कधी पटली नाही.

मराठीत मुक्ताबाईने निराळी वाट दाखविली. लोकांच्या वागणुकीने व्यथित होऊन ज्ञानेश्वर ताटी लावून बसले, तेव्हा या धाकट्या बहिणीने दाराबाहेरून त्यांची समजूत घातली, अशी परंपरा आहे. ती रागाचा निषेध करते खरी, पण उच्चासनावरून नव्हे.

राजाच्या कोपाचे मात्र असे नसते, कारण त्याच्या एका वाक्याचाही हुकूम होतो. उमराणीपाशी पाणी तोडून जेरीस आणलेल्या विजापुरी सरदार बहलोलखानाला सरनौबत प्रतापराव गुजरांनी जीवदान देऊन जाऊ दिले. तोच खान पुन्हा मुलखावर चालून आला, तेव्हा शिवाजी महाराजांनी सरनौबतांची कडक कानउघाडणी केली. महाराजांचा राग अनाठायी नव्हता. शरण आलेल्यावर दया करणाऱ्या सेनानीचा तरी मोठा अपराध काय होता? पण धन्यावर उलट रागावण्याची सोय चाकराला नसते. ती आच प्रतापरावांनी स्वतःवरच घेतली, आणि 1674 च्या फेब्रुवारीत नेसरीजवळ, मागच्या फौजेची वाट न पाहता, मोजक्या स्वारांनिशी खानाच्या सैन्यावर घोडा घातला. बखरीतले महाराज या वार्तेने कष्टी झालेले दिसतात. पुढे प्रतापरावांची कन्या जानकीबाई राजारामांना करून घेण्यात आली; आणि 1674 च्याच जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा सेनापतीच्या जागी हंबीरराव मोहिते उभे होते.