शांतीच्या आधीचे गाऱ्हाणे

संकटात सापडलेल्या माणसाला ख्रिस्ती विश्वास शांती कशी देतो, या प्रश्नाचे आज मिळणारे उत्तर बहुधा एका ओळीत मावते: विश्वास ठेवा, तक्रार करू नका, मन शांत होईल. सकाळी मोबाईलवर येणारी वचनांची चित्रे हेच सांगतात, चंगाई सभांच्या मंडपातही हेच ऐकू येते, आणि पुष्कळदा अंत्यविधीच्या वेळी, घरातली माणसे अजून नीट रडलेलीही नसताना, हेच सांगितले जाते. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण बायबलमधली शांती या वाटेने क्वचितच येते. तिथे शांतीच्या अगोदर जवळजवळ नेहमी एक गाऱ्हाणे असते, आणि ते वगळले की उरते ती केवळ गप्प बसण्याची शिस्त.

हिंगोली जिल्ह्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा सोयाबीन आणि हळदीवर जगतो. पाऊस चुकला किंवा अवेळी कोसळला, की वर्षाचा हिशेब कोलमडतो. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या परिसरातल्या लोकांनी जमिनीतून येणारे गूढ आवाज वर्षानुवर्षे ऐकले आहेत. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये जिल्ह्याला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा शेजारच्या नांदेड आणि परभणीतही माणसे घराबाहेर धावली. येथे ख्रिस्ती कुटुंबे विरळ आहेत. निजामाच्या काळात हिंगोलीला लष्करी छावणी होती. तोफखाना, रिसाला, पलटण, पेन्शनपुरा ही वस्त्यांची नावे तिची खूण सांगतात, पण छावणीमागे मोठी ख्रिस्ती मंडळी उभी राहिली नाही. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती इतिहासाचा ओघ जालन्याकडे जातो, जिथे नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल हे गाव वसवले. त्यामुळे हिंगोलीतल्या ख्रिस्ती घराला अडचणीच्या वेळी मोठ्या मंडळीचा आधार सहज मिळत नाही. बायबल, गीतांचे पुस्तक आणि दोनचार घरांची प्रार्थना, एवढ्यावर निभवावे लागते. अशा घराला काय सांगितले जाते याचे मोल म्हणूनच मोठे आहे.

आणि याच मातीत देवाशी भांडण्याची परंपरा फार जुनी आहे. संत नामदेवांचा जन्म नरसीचा, असे इथली परंपरा मानते. त्यांच्या अभंगांतला विठ्ठल हा स्तुतीपुरता देव नाही. त्याला जाब विचारला जातो, त्याच्यावर रुसले जाते. औंढ्याच्या नागनाथाच्या दारातून नामदेवांना हाकलले, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. देऊळ फिरल्याचा उल्लेख गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट झालेल्या त्यांच्या पदांतही येतो. गंगाखेडच्या जनाबाईचे बोल याहून परखड आहेत. दुष्काळात पहिली बायको आणि मुलगा गमावलेल्या तुकारामांनी तर देवाला सोडलेच नाही. याच तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत. त्या पुलावरून केवळ भक्तीची गोडी आली नाही. देवासमोर तोंड उघडण्याचा धीरही आला, पण मराठी ख्रिस्ती समाजाने हा वारसा जपण्यात कसूर केली, असे म्हणावे लागते.

तक्रार म्हणजे अविश्वास, या मताचा पाया शास्त्रात शोधला जातो, म्हणून त्याचा समाचारही शास्त्रातच घ्यावा लागतो. सर्वांत आवडता आधार ईयोबाचा. मुले आणि संपत्ती गेल्यावर ईयोब जमिनीवर पालथा पडला आणि ज्याने दिले त्यानेच नेले म्हणून त्याने देवाचे नाव धन्य मानले. हा प्रसंग पहिल्या अध्यायात आहे. पुस्तकाला बेचाळीस अध्याय आहेत. तिसऱ्या अध्यायात हाच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, आणि पुढे कितीतरी अध्याय देवाला न्यायासनासमोर ओढू पाहतो. त्याचे मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर सुरुवातीला सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसतात. तोंड उघडल्यावर मात्र ते नेमके तेच बोलतात जे आज सांत्वन म्हणून बोलले जाते: देव न्यायी आहे, तुझेच काही चुकले असेल, नमते घे म्हणजे दिवस पालटतील. यावर असे उत्तर दिले जाते की शेवटी देवाने वावटळीतून ईयोबालाच गप्प केले. खरे आहे. पण पुस्तक तिथे संपत नाही. त्यानंतर देवाचा कोप होतो तो मित्रांवर. ईयोब योग्य बोलला आणि तुम्ही बोलला नाहीत, असे त्यांना ऐकवले जाते, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करण्याचे काम ईयोबाकडे येते. मित्रांनी देवाची बाजू घेतली होती, तरी ते चुकले. ते देवाविषयी बोलत राहिले. ईयोब देवाशी बोलला.

दुसरा आधार रानातल्या इस्राएलाचा. मिसरातून सुटलेले लोक पाण्यावरून, मांसावरून कुरकुरले आणि शिक्षेला पात्र ठरले. तेव्हा कुरकुर हे पाप, असा निष्कर्ष काढला जातो. निष्कर्ष बरोबर आहे, पण त्यातून गाऱ्हाणेही पाप ठरत नाही. ते लोक कोणापाशी बोलत होते हे पाहावे. ते तंबूच्या दाराशी एकमेकांपाशी रडत होते, मोशे आणि अहरोन यांना धारेवर धरत होते. त्याच गणनेच्या पुस्तकात अकराव्या अध्यायात मोशेही तक्रार करतो, आणि ती लोकांच्या तक्रारीपेक्षा कडक आहे: हे सगळे लोक मी जन्माला घातले का, असे तो विचारतो आणि यापेक्षा मला मारून टाक असे म्हणतो. पण हे तो देवाच्या तोंडावर बोलतो. त्याला शिक्षा होत नाही. ओझे वाटून घ्यायला सत्तर वडीलधारी माणसे मिळतात.

ख्रिस्ती शांतीच्या विचारात कुरकुर आणि गाऱ्हाणे यांतला हा फरक कळीचा आहे. दोन्हींत दुःख तेच असते, शब्दही कधीकधी तेच असतात. कुरकुर देवाकडे पाठ करून होते. तिला ऐकणारा नको असतो, साथ देणारे हवे असतात. गाऱ्हाणे तोंड वळवून होते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच दारात ते घातले जाते, म्हणून त्यात रागाबरोबर विश्वासही असतो. न्याय मिळण्याची आशा नसलेल्या दारी कोणी फिर्याद नेत नाही. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश अशीच आहेत. तेरावे स्तोत्र अवघ्या सहा ओव्यांचे. त्याच्या सुरुवातीलाच, हे कुठवर चालायचे, असे देवाला चार वेळा विचारले आहे, आणि विश्वासाचे बोल त्यानंतर येतात. विलापगीत हे तर यरुशलेमच्या विध्वंसानंतरचे अखंड गाऱ्हाणे आहे. भाऊ लाजर मेल्यावर मार्था येशूला सामोरी जाते ती, तू इथे असतास तर असे झाले नसते, हा बोल घेऊन. येशू तिला दटावत नाही, आणि थोड्याच वेळात स्वतः रडतो. वधस्तंभावर त्याच्या ओठी आलेले शब्द बाविसाव्या स्तोत्राचे आहेत, आणि ते स्तोत्र टाकून दिल्याच्या आकांताने सुरू होते.

भिंतीवर सर्वांत जास्त लावले जाणारे वचनही याला अपवाद नाही. बुद्धीपलीकडची शांती तुमची अंतःकरणे राखील, या आशयाचे पौलाचे वचन फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात सातवे आहे. सहाव्यात तो सांगतो की आपल्या मागण्या देवाला कळवा, आणि त्या कळवताना आभार माना. हे पत्र त्याने कैदेतून लिहिले. भिंतीवर सातवे वचन येते, सहावे मागे राहते. मागणे न मांडताच शांतीची अपेक्षा ठेवली जाते. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल कुरकुर न करण्यास सांगतो. त्याला गाऱ्हाणे आणि कुरकुर एकच वाटत असते, तर दोन अध्यायांनी त्याने मागण्या कळवा असे लिहिले नसते.

इतर मतांचा विचार थोडक्यात आटोपतो. धर्म ही गुंगी आहे, असे मानणाऱ्यांनी स्तोत्रसंहिता वाचलेली दिसत नाही. गुंगीतला माणूस इतका नेमका जाब विचारत नाही. सांत्वन हे धर्मांतराचे आमिष आहे, असे म्हणणारे दुःखिताच्या दुःखाकडे पाहतच नाहीत.

मार्गदर्शनाबद्दलही असाच गैरसमज आहे. अडचणीत देवाने वाट दाखवावी म्हणजे पुढचे सगळे उलगडून सांगावे, अशी अपेक्षा असते. एलीयाची कथा वेगळे सांगते. ईजबेलीच्या भीतीने पळालेला हा संदेष्टा रानात एका झुडपाखाली मरण मागतो. त्याला आधी झोप मिळते, मग भाकर आणि पाणी, पुन्हा झोप, पुन्हा भाकर. नंतर होरेबाची लांबची वाट. तिथे तो आपले तेच गाऱ्हाणे दोनदा मांडतो, आणि उत्तर म्हणून त्याला पुढची कामे दिली जातात. त्यातच अलीशा हा सोबती मिळतो. माझ्याच वाट्याला हे का, हा प्रश्न तसाच राहतो. मोशेला सत्तर माणसे, एलीयाला भाकर, झोप, काम आणि सोबती. ख्रिस्ती मार्गदर्शन बहुतेक वेळा याच रूपात येते. भाकरीच्या जागी कधी डॉक्टर असतो, कधी बँकेतली कर्जाची पुनर्रचना, कधी पंचनाम्यासाठी तहसीलला मारलेला हेलपाटा. देवाशी गाऱ्हाणे करणाऱ्याने माणसांकडे न्याय मागणे सोडावे, असे शास्त्र कुठेच सांगत नाही. संदेष्टे तर दोन्ही एका दमात करतात.

मराठीत याचे सर्वांत मोठे उदाहरण पंडिता रमाबाई. १८७०च्या दशकात, दुष्काळाच्या भटकंतीत, आई-वडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वॉन्टेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण शांती त्या दिवशी हाती आली नाही. तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचला तर दिसते की त्या ऐकून घेणाऱ्या शिष्या नव्हत्या; त्रैक्यापासून चर्चच्या अधिकारापर्यंत प्रत्येक गोष्टीवर त्यांनी वाद घातला. धर्म सापडला पण ख्रिस्त सापडला नव्हता, अशा अर्थाची कबुली त्यांनी पुढे स्वतः दिली. तो सापडायला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे जावी लागली. मग १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेल्या मुली-विधवांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून वाढले. स्वतःच्या तरुणपणीच्या भुकेचे उत्तर त्यांना मिळाले की नाही, सांगता येत नाही. काम मात्र मिळाले. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, तेव्हाही मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम त्यांच्या हाती होते. पुढल्या वर्षी त्यांचे निधन झाले.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट निराळी, पण तिचा आरंभही गाऱ्हाण्यातच आहे. १८९५ मध्ये पती नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रात त्या काळाचा आक्रोश लपवलेला नाही, आणि नंतर आलेल्या विश्वासाने तो पुसूनही टाकलेला नाही. हे पुस्तक टिकले त्याचे एक कारण हेच आहे. उशिरा आलेल्या समाधानाच्या उजेडात आधीच्या दुःखाला सोयीस्कर रंग देण्याचा मोह त्यांनी टाळला. टिळकांच्या मृत्यूनंतर अपुरे राहिलेले त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, तेही असेच हाती आलेले काम.

यावर एक रास्त शंका येते. गाऱ्हाणे कायमचे घर करून बसले तर? तसे होते. दिवसरात्र एकच गोष्ट घोळवत राहणे म्हणजे देवाशी बोलणे नव्हे. त्यात देव बाजूला पडतो आणि माणूस स्वतःशीच फिरत राहतो. मनाचा आजार असेल तर त्याला उपचार हवेत, आणि त्या माणसाला अधिक प्रार्थना करायला सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे. पण या धोक्यावर उपाय म्हणून तोंड बंद करणे चुकीचे आहे. स्तोत्रकर्त्यांनी गाऱ्हाण्याला आकार दिला: हाक, तक्रार, मागणी, आठवण, आणि बहुतेकदा शेवटी भरवसा. हा आकार मंडळीच्या उपासनेत राहिला तर एकट्या माणसाला तो स्वतः घडवावा लागत नाही. शुभ शुक्रवारी तो काही तास परत येतो. वर्षाचे उरलेले रविवार बहुतेक स्तुतिगीतांचेच असतात. दुष्काळी वर्षात, पूर ओसरल्यावर, धक्के बसल्यानंतरच्या रविवारी गाऱ्हाण्याची स्तोत्रे मोठ्याने वाचली जायला हवीत, दहा माणसांच्या घरगुती प्रार्थनेतही.

आणि ज्यांना शांती मिळतच नाही, त्यांच्यासाठी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र आहे. त्यात भरवशाची ओळ शेवटी येत नाही. ते अंधाराशी थांबते. संकलन करणाऱ्यांनी ते गाळले नाही, त्याला गोड शेवटही जोडला नाही. असे स्तोत्र शास्त्रात आहे, याचा अर्थ उपदेशकांनी सरळ घ्यावा: अशा माणसाला विश्वास कमी पडला असे सांगण्याचा अधिकार त्यांना नाही. त्याच्याजवळ बसावे, त्याच्या वतीने ते स्तोत्र वाचावे, आणि औषध, पैसा, मुलांची शाळा, शेतातली राहिलेली पेरणी यांपैकी जे आपल्या हातून होईल ते करावे.