एकच आजोबा, दोन पुस्तकं

1984 साली मी तालुक्याच्या कॉलेजात एस.वाय.ला होते. ग्रंथालयात ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ होतं. घरी न्यायला परवानगी नव्हती. म्हणून एसटी येईपर्यंत रोज तासभर तिथंच बसून मी ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचला. 1883 साली लिहून झालेला हा ग्रंथ अवघ्या 5 प्रकरणांचा. तरी मला दहा-बारा दिवस लागले, कारण पानोपानी आजोबा दिसायचे.

धर्माच्या नावावर लुटणारे, कचेरीतले कामगार, त्यांच्यावर विसंबून राहणारे गोरे अंमलदार, हे सगळे मिळून अडाणी शेतकऱ्याला कसे नाडतात ते जोतीराव उलगडून दाखवतात. त्याचं घर, कपडे, जेवण, सगळं तपशिलानं मांडतात. आजोबांनी दुष्काळात ओढ्याकाठचा तुकडा गहाण टाकला होता. कागदावर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. त्यांनी अंगठा उठवला आणि जमीन गेली ती गेलीच. घरात याला ‘नशीब’ म्हणत. असूड वाचल्यावर मला ते नशीब वाटेना. त्यामागं माणसं होती, कायदे होते, आणि आजोबांच्या वाट्याला न आलेली शाळा होती.

पुढच्या वर्षी दया पवारांचं ‘बलुतं’ हाती आलं. ग्रंथालीनं 1978 साली काढलेलं. त्यात दगडू पवार आपली कहाणी दया पवारांनाच सांगतो. शिकून पुढं गेलेला माणूस मागं राहिलेल्या स्वतःचंच ऐकत बसलेला.

बलुतं हा शब्द आमच्या घरातला. खळ्यावर रास झाली की सुतार, लोहार, महार यांना धान्य घालायचं. आजोबा अभिमानानं सांगत, ‘आपल्या खळ्यावरनं कुणी रिकामं गेलं नाही.’ पुस्तकात तेच खळं मला पलीकडून दिसलं. आम्ही ज्याला देणं म्हणत होतो ते वर्षभर गावासाठी राबल्याचं, मेलेलं ढोर ओढल्याचं मोल होतं. आणि तेही हात पसरून घ्यावं लागत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. आमच्या गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात एक कपबशी पालथी घातलेली असायची. कपाचा कान तुटलेला. जन्मापासून मी ती पाहत होते. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, ‘आजी, ही इथं का गं?’

‘महारवाड्यातनं कुणी आलं की चहाला लागती,’ आजी म्हणाली. ‘पिऊन झालं की धुऊन पालथी घालून जात्यात बिचारी.’

मी ती उचलून चुलीजवळ बाकीच्या भांड्यांत ठेवली. आजी काही बोलली नाही. सकाळी कपबशी पुन्हा कोनाड्यात होती.

यातलं कुठलं पुस्तक आजोबांबद्दल खरं सांगतं, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. असूड हातात घेतला की आजोबांसाठी जीव तुटायचा. बलुतं घेतलं की त्यांच्याकडे मान वर करून बघवत नसे. एकाला खरं मानून दुसरं मिटून ठेवणं सोपं होतं. आजही पुष्कळ जण तेच करतात. आपल्यावर झालेला अन्याय सांगणारं पुस्तक उराशी धरतात, आपल्या हातून झालेला अन्याय सांगणारं कपाटात ठेवतात. पण ज्याची जमीन लुबाडली गेली आणि ज्याच्या गोठ्यात ती कपबशी होती, तो माणूस एकच होता. मी त्याचीच नात. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचल्याशिवाय आपलं घर पुरतं कळत नाही, हे मी त्या दोन वर्षांत शिकले.

जोतीरावांना हे कधीच कळलं होतं. असूड लिहिण्याच्या 15 वर्षं आधी, 1868 साली, त्यांनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. गाव बदलण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. हौद त्यांच्या घरचा होता. आणि तो कोनाडा आमच्या घरचा.