विरजण

पुण्याच्या एका बँकेत 35 वर्षं नोकरी केलेला एक गृहस्थ निवृत्तीनंतर पाचगणीला राहायला आला. नोकरीत असताना सकाळ अशी त्याला मिळालीच नव्हती. आंघोळ घाईत, चहा उभ्याने. म्हणून त्याने कृष्णेच्या खोऱ्याकडे तोंड असलेलं छोटं घर घेतलं आणि ठरवलं, आता सकाळी घाई नको आणि कुणाची हाकही नको. फाटकाला एक कापडी पिशवी अडकवली. दूधवाल्याने दूध त्यात ठेवायचं, बेल वाजवायची नाही.

सकाळी तो ओसरीत बसे. खाली धोमच्या पाण्यावर धुकं साचलेलं असे, सिल्व्हर ओकच्या पानांवरून त्याचं पाणी ठिबकत असे. उन्हाची पहिली तिरीप पायरीवर यायला पाऊण तास लागे. तो पाऊण तास तो नुसता बघत बसे. अशा सकाळीला आळस म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. ती ज्याला मिळाली तो भाग्यवानच.

पण तिरीप पायरीवर आली की त्याच्या तोंडून निघून जाई, "बघा, आली!" आणि ओसरीत ऐकणारं कुणी नसे.

जानेवारीत तो आठवडाभर पुण्याला जाऊन आला, तर दह्याला बुरशी धरलेली. नवं दूध तापवलं, कोमट केलं, आणि मग लक्षात आलं, घरात विरजण नाही. दुकानं उघडायला अवकाश होता. वाटी घेऊन तो पहिल्यांदाच कुंपणापलीकडे गेला.

शेजारच्या आजी अंगणात सुनेबरोबर बसून पहाटे तोडलेली स्ट्रॉबेरी पनेटमध्ये भरत होत्या.

"इरजण व्हय? घ्या की साहेब. पर हितल्या थंडीत दही लवकर लागत न्हाई. पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवा." मग हात पुसत त्यांनी विचारलं, "सकाळी एकलेच बसता नव्हं तुमी?"

"शांतता आवडते मला."

"आवडंलच की. मी लई वर्सं एशिया प्लॅटोच्या सैपाकघरात व्हते. तितं बी सकाळी समदी गप बसायची." राजमोहन गांधींच्या पुढाकाराने 1968 मध्ये सुरू झालेलं हे केंद्र टेकडीच्या अंगाला आहे. सकाळी शांत बसून आतला आवाज ऐकायचा, ही तिथली जुनी रीत. आजी पुढे म्हणाल्या, "पर मग उठून मनात काय आलं ते एकमेकांस्नी सांगायची. दूध कितीबी चांगलं असू द्या साहेब, नुसतं झाकून ठिवलं तर नासतं. दही व्हायला दुसऱ्याच्या घरचं चमचाभर लागतंय."

दही दुसऱ्या दिवशी दुपारी लागलं. ज्या वाटीत आजींनी विरजण दिलं ती त्यांचीच होती. त्याची वाटी त्यांना फार लहान वाटली होती. वाटी रिकामी परत पाठवायची नसते, हे त्याला आईपासून ठाऊक होतं. त्याने शिरा केला. थोडा खाली लागला, तरी दिला. चार दिवसांनी त्याच वाटीतून ठेचा आला. मग त्याने शेंगदाण्याचे लाडू करून बघितले. पाचगणी हे नावच दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांवरून पडलं, असं सांगतात. तेही त्याला आजींकडूनच कळलं. मधल्या काळात फाटकावरची पिशवी त्याने कधीतरी काढून ठेवली. दूधवाल्याची मुलगी यंदा दहावीला आहे, हे त्याला आता ठाऊक आहे.

मार्चमधल्या एका सकाळी आजी कुंपणापाशी आल्या. हातात तीच वाटी, तीत चार स्ट्रॉबेऱ्या.

"भाऊ, दही समदं संपलं बगा. इरजण हाय का तुमच्याकडं?"

तो लगबगीने उठला, पण पायरीकडे लक्ष जाऊन थांबला.

"देतो की. पण आधी बसा दोन मिनिटं," तो म्हणाला. "बघा, आली."