उसने बळ

जो डोंगर मनुष्याने केवळ स्वतःच्या पायांच्या बळावर चढला नाही, तो त्याने चढला असे म्हणावे काय? अंदमानात बदली होऊन आल्यावर हा प्रश्न माझ्यापुढे विजेच्या सायकलीच्या रूपाने उभा राहिला.

आमच्या कार्यालयातील एक वडीलधारे सहकारी निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. गुडघा दुखरा, हौस मात्र शाबूत. स्वराज द्वीप, ज्यास २०१८ पर्यंत हॅवलॉक म्हणत, तेथील आडवाटा सायकलीवरून पालथ्या घालाव्या असे त्यांच्या मनाने घेतले. मी म्हणालो, "यंत्राने ढकलल्यावर त्यात पुरुषार्थ तो कसला?" ते शांतपणे म्हणाले, "अहो, ज्या भातावर तुमचे पाय चालतात, तो तरी तुम्ही पिकविला आहे काय?"

मी निरुत्तर झालो. निरोगी मनुष्य तासन्‌तास पायडल मारीत राहिला तर सुमारे ७५ ते १०० वॅट शक्ती देतो. कायद्याने ज्या सायकलीस मोटारवाहन मानीत नाहीत, तिची मोटर जवळजवळ २५० वॅटची असू शकते. म्हणजे दोन-तीन अदृश्य गडी आपणांस मागून ढकलीत असतात. पण हे गडी बिनपगारी नव्हेत. पूर्ण जोर घेतल्यास ५०० वॅट-तासांची बॅटरी दोन तासांत रिती होते. १६० वॅट-तासांहून मोठी बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही, म्हणून आमच्या सायकली चेन्नईहून जहाजाने आल्या. येथील बरीचशी वीज डिझेलवर निघते, आणि ते डिझेलही जहाजानेच येते. बळ उसने आहे, यात वादच नाही. प्रश्न एवढाच की, उसनवारीचा हिशेब ठेवावयाचा कोणी?

तो मी ठेवला नाही. आदल्या रात्री वीज गेल्याने बॅटऱ्या अर्धवट भरल्या होत्या. तरीही सकाळी काळापत्थरच्या बाजूस, पोफळीच्या बागांतील ओल्या पायवाटांवर मी पूर्ण जोर लावून पुढे धावलो. ते बेतानेच येत होते. दुपारी राधानगरच्या किनाऱ्याहून परतताना, ऐन चढावर माझी बॅटरी संपली. चोवीस किलोंची ती सायकल आता मलाच ढकलावी लागली. त्यांच्या बॅटरीत बळ शिल्लक होते. ते सहज धक्का गाठू शकले असते. पण ते उतरले आणि त्या गुडघ्याने माझ्या बरोबरीने चालू लागले. शेवटची बोट गेली. पुढचे चार दिवस ते लंगडत कार्यालयात येत होते, आणि माझे पाय मात्र ठणठणीत होते.

दुर्गम जागी केलेल्या चुकीचे देणे बहुधा दुसराच कोणी फेडतो: सोबती, नावाडी, किंवा रात्री कंदील घेऊन शोधावयास निघालेला गावकरी. म्हणून प्रवासाचा बेत आखणे ही केवळ सोयीची बाब नव्हे. ती नीतीची बाब आहे. उसने बळ घेण्यात कमीपणा नाही. मात्र ज्या बळाने आपण दूर जातो, ते संपल्यावर आपल्या अंगच्या बळाने परत येता येईल काय, हे आधी पाहिले पाहिजे. अन्यथा आपले साहस दुसऱ्याच्या खात्यावर पडते.

पुढील सहलीचा बेत परवा त्यांनीच कागदावर मांडला. सर्वांत वर शेवटच्या बोटीची वेळ लिहिली, आणि तेथून मागे मोजीत ते सकाळपर्यंत आले. तो कागद मी जपून ठेवला आहे.